कमी व्होल्टेज

मार्च सरता सरता राइस मिलचं गोदाम रिकामं झालं
तेव्हा हितेंद्र दोनाडकरनं ते सहा रात्रींसाठी मागून घेतलं.
भाडं : शेठच्या नातवाच्या बारशाला फुकट वाजवायचं.
तीन भिंतींना आम्ही कोंड्याची पोती लावली,
चौथी उघडी ठेवली.
तिथून आवाज परत यायला हवा होता, पण एकदाच.
टाळी, मागून तिची टाळी, मग गप्प.
दोनदा आली तर पोतं सरकवायचं.

वडशापासून सिंदेवाहीपर्यंत तो नाटकांचा गिटारवाला.
मंडईच्या रात्री दोन वाजता खलनायक आत येतो
आणि स्टेजसमोरच्या खड्ड्यातून एक तार करकरते,
तो हितेंद्र. तीस हंगाम त्याच खड्ड्यात.
पण ही गाणी त्या खड्ड्यातली नव्हेत.

नागभीडला छोट्या लाइनीच्या क्वार्टरात मायर्स नावाचा गार्ड होता.
जाताना आठ तबकड्या आणि वाजवायची पेटी
कंदील पुसणाऱ्या माणसाला देऊन गेला.
तो माणूस हितेंद्रचा बाप.
संध्याकाळी बल्ब पिकल्या टेंभरासारखा व्हायचा
आणि तबकडी फिरायची जशी म्हैस वळते.
गाणारा म्हाताऱ्यासारखा गायचा,
प्रत्येक शब्दाआधी पाणी प्यायल्यासारखा.
पोरानं तारा सैल केल्या, म्हाताऱ्याच्या सुराला आणल्या,
आणि त्याच्या मागं मागं चालत वाजवायला शिकला.

चाळिशीत नागपूरला कुणाच्या तरी घरी
तीच तबकडी नीट विजेवर ऐकली.
विशीतलं पोरगं होतं ते. उधळलेलं.
परतीच्या एसटीत हितेंद्र बोलला नाही.
ब्रह्मपुरी आल्यावर म्हणाला,
“मातारा मेला गा.”

आता आठही गाणी वाजवायची होती, त्या लोकांना नमस्कार म्हणून.
मी तेलाच्या पिप्यात बांबू रोवला,
सायकलच्या ब्रेकची तार ताणली; धप् धप् असा ठेका निघतो.
यादोराव नालेवर.
तो म्हणाला, “रॉकबिली म्हंजे? बिली म्हंजे मांजर का गा?”
हितेंद्र म्हणाला, बिली म्हणजे डोंगरातला गावंढळ,
तिकडचे शहरवाले असं चिडवत.
यादोरावनं नाल मांडीवर नीट घेतली.
“अस्सं. म्हंजे आपल्यासारखे झाडीतले.”
त्यानंतर त्याचा हात जो सुटला तो सुटलाच.

भांडण झालं ते वेगावरून.
पायल, त्याची मुलगी, लॅपटॉप घेऊन पोत्यावर बसलेली.
म्हणाली, बाबा, खरं गाणं जोरात आहे,
लोक हसतील.
हळू हवं तर नंतर बटण दाबून करू.
“बटन नोको.”
दोन रात्री आम्ही पोराच्या वेगानं वाजवलं.
बोटं बरोबर पडत होती. गाणंही बरोबर.
हितेंद्र प्रत्येक वेळी हेडफोन काढून
गोदामाच्या दाराकडं बघायचा,
कुणी यायचं राहिलंय असं.

तिसऱ्या रात्री त्यानं काही न सांगता
सहाही तारा सैल केल्या.
मी ब्रेकची तार ढिली केली. यादोरावनं नालेची दोरी.
पायलनं आमच्याकडं पाहिलं आणि
लाल ठिपका सुरू केला.
चौथ्या भिंतीवरून म्हातारा आला.
एकदाच.

सातव्या गाण्यात कोंड्यात उंदीर खसफसतो. तो तसाच ठेवलाय.
कव्हरवर आभारात ओळ आहे :
नागभीडची संध्याकाळची वीज.
तिच्याखाली मायर्स साहेब.
पायलनं विचारलं, पहिलं नाव काय त्यांचं?
यादोरावला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं.
हितेंद्र बराच वेळ आठवत राहिला.
म्हणाला, बाप त्याला ‘सायब’ म्हणायचा,
तो बापाला ‘कंदील’.
मग पोती उतरवायला उठला.
सकाळी सात वाजता ट्रॅक्टर येणार होता.